‘मायनॉरिटी’ : नाबालिग ते अल्पसंख्याक

सातबाऱ्याच्या उताऱ्यावर एखाद्या नावापुढे कधी कधी ‘अ.पा.क.’ अशी तीन अक्षरे दिसतात. अज्ञान पालनकर्ता. बाप वारला, जमीन मुलाच्या नावावर चढली, पण मुलगा लहान आहे. तो सज्ञान होईपर्यंत व्यवहार आईने किंवा चुलत्याने पाहायचा, असा त्याचा अर्थ. त्याच घरातल्या मुलीने शिष्यवृत्तीचा अर्ज भरला, तर त्यात ‘अल्पसंख्याक’ असा रकाना असतो. मराठीत या दोन शब्दांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही. उर्दूतही नाबालिग वेगळा आणि अकल्लियत वेगळी. इंग्रजीत मात्र दोन्हींसाठी शब्द एकच : मायनॉरिटी.

आपल्याला अठरा वेळा चिकटवला जाणारा हा शब्द मुळात लहान मुलासाठी होता, हे फारसे कुणी सांगत नाही. त्याचा प्रवास पाहिला की आजच्या राजकारणातल्या बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो. मतदानाच्या भाषणांत कुणी आपले ‘रक्षणकर्ते’ का होतात आणि कुणाला आपले ‘लाड’ का दिसतात, हेही त्यातून समजते.

राजा लहान आहे

लॅटिन भाषेत ‘मायनर’ म्हणजे दोघांतला धाकटा, कमी असलेला. त्यावरून मध्ययुगीन लॅटिनमध्ये ‘मायनॉरितास’ झाले आणि तिथून हा शब्द इंग्रजीत आला. सोळाव्या शतकापर्यंत इंग्रजीत तो रुळला, तो वयाच्या अर्थाने. मायनॉरिटी म्हणजे कायद्याने सज्ञान होण्याआधीचा काळ. तो माणसांचा गट नव्हता, आयुष्यातला एक टप्पा होता. माणूस त्यात असायचा आणि त्यातून बाहेर पडायचा.

या टप्प्याला इंग्लंडमध्ये एवढे महत्त्व का, हे तिथला इतिहास पाहिला की कळते. सहावा हेन्री १४२२ मध्ये गादीवर आला तेव्हा तो नऊ महिन्यांचा होता. सहावा एडवर्ड १५४७ मध्ये राजा झाला तेव्हा नऊ वर्षांचा. अशा वेळी राज्य चालवायला पालक नेमला जाई आणि त्याला ‘प्रोटेक्टर’, म्हणजे रक्षणकर्ता, ही पदवी मिळे. हे रक्षण कसे होत असे याचे सर्वांत गाजलेले उदाहरण १४८३ चे. बारा वर्षांचा पाचवा एडवर्ड राजा झाला आणि त्याचा सख्खा चुलता रिचर्ड रक्षणकर्ता झाला. काही आठवड्यांत रिचर्डने मुकुट स्वतःच्या डोक्यावर चढवला. एडवर्ड आणि त्याचा धाकटा भाऊ लंडनच्या टॉवरमध्ये होते, ते पुन्हा कुणाला दिसले नाहीत.

राजाचेच हे हाल, तर सरदारांच्या मुलांचे काय? बाप मेला आणि वारस लहान असला की पालकत्व वरिष्ठ सरदाराकडे किंवा राजाकडे जाई. पालक जमिनीचे उत्पन्न खाई, मुलाचे लग्नही ठरवी. हे पालकत्व चक्क विकले जाई. १२१५ च्या मॅग्ना कार्टामध्ये पालकाने लहान वारसाच्या जमिनीची नासाडी करू नये असे कलम घालावे लागले, यावरून काय चालत होते ते कळते. १५४० मध्ये आठव्या हेन्रीने यासाठी ‘कोर्ट ऑफ वॉर्ड्स’ हे वेगळे न्यायालयच स्थापन केले. पुढे इंग्रजांनी हिंदुस्थानात जमीनदारांच्या लहान वारसांसाठी त्याच नावाची व्यवस्था आणली.

आपल्याकडे हा शब्द इंग्रजांच्या दप्तरातून आधी आला तो याच अर्थाने. संस्थानाचा वारस लहान असला की इंग्रज अधिकारी त्या काळाला ‘मायनॉरिटी’चा कारभार म्हणत. शाहू महाराज १८८४ मध्ये कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले तेव्हा दहा वर्षांचेही नव्हते. त्यांच्या हाती अधिकार आले १८९४ मध्ये. मधली दहा वर्षे म्हणजे त्यांची मायनॉरिटी. त्यातून बाहेर पडलेल्या या राजाने १९०२ मध्ये मागासवर्गीयांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या आणि १९०६ मध्ये कोल्हापुरात मुस्लिम मुलांच्या शिक्षणासाठी संस्था आणि वसतिगृह उभे केले.

आज हरलो, उद्या जिंकू

दुसरा अर्थ आला तो मतमोजणीतून. सतराव्या शतकात इंग्लंडच्या पार्लमेंटमध्ये निर्णय मोजून घेण्याची सवय पक्की होत गेली. जास्त मते ती ‘मेजॉरिटी’. हाही शब्द आधी सज्ञानतेसाठी वापरात होता. त्याची जोडी म्हणून अठराव्या शतकात कमी मते पडलेल्या बाजूला मायनॉरिटी म्हणू लागले.

या मायनॉरिटीला धर्म नव्हता, वंश नव्हता. होते ते फक्त मत. १७६४ मधला एक प्रसंग पाहण्यासारखा आहे. सरकारवर टीका करणाऱ्या जॉन विल्क्सच्या पत्रामुळे चिडून मंत्र्याने ‘जनरल वॉरंट’ काढले होते. म्हणजे कुणाचेही नाव न घालता काढलेले वॉरंट : लेखक, छापणारे, वाटणारे, ज्याच्यावर संशय येईल त्याला धरा आणि त्याची कागदपत्रे उचला. हे बेकायदा आहे असे ठरवण्याचा प्रयत्न पार्लमेंटमध्ये झाला आणि सरकारने २३२ विरुद्ध २१८ मतांनी तो टाळला. हरलेल्यांच्या बाजूने चार्ल्स टाउनशेंडने पुस्तिका लिहिली. तिच्या नावातच ‘मायनॉरिटीचा बचाव’ होता. पुढच्या दोन वर्षांत न्यायालयांनी अशी वॉरंटे बेकायदा ठरवली आणि १७६६ मध्ये त्याच पार्लमेंटने त्यांचा निषेध करणारा ठराव केला. कालची मायनॉरिटी आज मेजॉरिटी झाली होती. त्यासाठी एकाही माणसाला आपला धर्म, भाषा किंवा गाव बदलावे लागले नव्हते. लोकांना पटवावे लागले होते, इतकेच.

अर्थात मोजणीच्या राज्यातही धोका होता आणि तो विचारवंतांना लवकर दिसला. एडमंड बर्कने १७९० मध्ये फ्रेंच क्रांतीवर लिहिताना बजावले की लोकशाहीत बहुसंख्य लोक अल्पसंख्य लोकांवर फार क्रूर जुलूम करू शकतात. त्याआधी अमेरिकेत जेम्स मॅडिसन आणि नंतर फ्रान्सचा तोकव्हील, इंग्लंडचा जॉन स्टुअर्ट मिल यांनीही हीच चिंता केली. संविधान, मूलभूत हक्क, स्वतंत्र न्यायालय या गोष्टींमागचे एक मोठे कारण हे आहे. हरलेल्याला पुन्हा बोलण्याची, पुन्हा जिंकण्याची संधी राहिली पाहिजे.

सरहद्दी आणि माणसे

तिसरा अर्थ आपल्या ओळखीचा. धर्माने, भाषेने किंवा वंशाने वेगळा आणि संख्येने कमी असा कायमचा गट. हा अर्थ पक्का झाला तो पहिल्या महायुद्धानंतर. ऑस्ट्रिया-हंगेरी, रशिया आणि उस्मानी तुर्कांची साम्राज्ये मोडली. साम्राज्यात सगळेच प्रजा असतात, त्यामुळे कोण किती याला तेवढे महत्त्व नसते. आता प्रत्येक लोकसमूहाचे आपले राष्ट्र, असे ठरले. पण माणसे नकाशाप्रमाणे राहत नाहीत. पोलंड पोलिश लोकांचे झाले, तेव्हा तिथले ज्यू, जर्मन आणि युक्रेनी लोक घर न सोडता मायनॉरिटी झाले. २८ जून १९१९ रोजी व्हर्सायच्या तहाबरोबरच पोलंडशी एक वेगळा तह झाला. त्यात वांशिक, धार्मिक आणि भाषिक मायनॉरिटीच्या लोकांना संरक्षणाची हमी होती आणि राष्ट्रसंघ त्या हमीचा राखणदार होता. असे तह इतर नव्या देशांवरही लादले गेले. लादणाऱ्या ब्रिटन आणि फ्रान्सने मात्र स्वतःला, आपल्या वसाहतींना हा नियम लावला नाही.

म्हणजे पहिल्या अर्थातला पालक आणि रक्षणकर्ता तिसऱ्या अर्थात पुन्हा येऊन बसला. त्याचे रक्षण किती टिकले? अप्पर सायलेशिया या जर्मन भागापुरता असा एक करार होता. १९३३ मध्ये नाझींनी ज्यूंना नोकऱ्यांतून काढायला सुरुवात केली तेव्हा तिथल्या फ्रांझ बर्नहाइम नावाच्या ज्यू कर्मचाऱ्याने राष्ट्रसंघाकडे अर्ज केला. राष्ट्रसंघाने तो मान्य केला आणि त्या भागात ज्यूविरोधी कायदे स्थगित झाले. जुलै १९३७ मध्ये कराराची मुदत संपली आणि संरक्षणही संपले. पुढच्याच वर्षी हिटलरने चेकोस्लोव्हाकियातल्या जर्मन मायनॉरिटीचे रक्षण करण्याचे निमित्त करून त्या देशाचा लचका तोडला.

इथे आपणही आपल्या इतिहासाकडे पाहिले पाहिजे. मुस्लिम राजवटींत बिगरमुस्लिम प्रजेला ‘जिम्मी’ म्हणत. शब्द ‘जिम्मा’ वरून आला आहे, तोच जिम्मा जो मराठीत ‘जिम्मेदार’मध्ये आहे. म्हणजे ज्यांची जबाबदारी राज्याने घेतली आहे ते. जिझिया भरायचा आणि जीव, मालमत्ता, उपासना यांची हमी घ्यायची. त्या काळच्या युरोपाशी तुलना केली तर ही व्यवस्था पुष्कळ बरी होती. १४९२ मध्ये स्पेनने हाकललेल्या ज्यूंना उस्मानी साम्राज्यात आसरा मिळाला. पण ती बरोबरी नव्हती, पालकत्व होते. उस्मानी सुलतानाने सर्व धर्मांच्या प्रजेला समान मानण्याची घोषणा केली ती १८३९ आणि १८५६ मध्ये. रक्षण कितीही प्रेमाचे असले तरी रक्षिताला ते बरोबरीचे वाटत नाही. हे आज आपल्याला कळते, कारण आता रांगेच्या त्या टोकाला आपण आहोत.

१९२३ च्या लोझानच्या तहात तुर्कस्तानने मायनॉरिटी मान्य केली ती फक्त बिगरमुस्लिमांची. कुर्द मुसलमान होते, म्हणून ते त्यात मोजलेच गेले नाहीत. त्याच वेळी ग्रीस आणि तुर्कस्तानने लोकसंख्येची अदलाबदल केली, तीही धर्मावरून. ज्यांना तुर्कीच बोलता येत होती असे अनातोलियातले ख्रिस्ती ग्रीसला पाठवले गेले आणि ग्रीक बोलणारे क्रीट बेटावरचे मुसलमान तुर्कस्तानात. दहा लाखांहून अधिक लोकांनी घर सोडले. मायनॉरिटी कोण, हे मोजणारा ठरवतो, असा याचा अर्थ.

मोजणी आपल्या दारात

हिंदुस्थानात ही मोजणी १८७२ पासून सुरू झाली. त्याआधी गावात बागवान, तांबोळी, पिंजारी, अत्तार, मोमीन, शिकलगार होते. कोकणातला मुसलमान आणि मराठवाड्यातला मुसलमान यांची बोली, जेवण, लग्नातले रिवाज वेगळे होते. शिरगणतीच्या तक्त्यात हे सगळे एका रकान्यात आले आणि समोर आकडा पडला.

१ ऑक्टोबर १९०६ रोजी आगाखानांच्या नेतृत्वाखाली ३५ जणांचे शिष्टमंडळ सिमल्यात व्हाइसरॉय मिंटोंना भेटले. त्यांच्या निवेदनात १९०१ च्या शिरगणतीचा हवाला आहे : मुसलमान सहा कोटी वीस लाखांहून जास्त, रशिया सोडला तर युरोपातल्या कोणत्याही बड्या राष्ट्रापेक्षा मोठे. आपले वजन केवळ संख्येवरून ठरवू नका, असेही त्यात होते. १९०९ च्या कायद्याने स्वतंत्र मतदारसंघ मिळाले. त्या दिवसापासून दुसरा अर्थ आणि तिसरा अर्थ एकमेकांत गुंतले. मतपेटीतली मायनॉरिटी बदलू शकते. पण मतदारसंघच धर्मावर बांधला, तर माणसाचे मत जन्मावरूनच ठरले असे धरले जाते.

या शब्दाचा सर्वांत तीव्र वाद झाला मार्च १९४० मध्ये. रामगढच्या काँग्रेस अधिवेशनात अध्यक्ष मौलाना आझादांनी शब्दाचाच हिशेब मांडला. राजकारणाच्या भाषेत मायनॉरिटी म्हणजे नुसती कमी संख्या नव्हे. संख्येने आणि कुवतीने इतका दुबळा गट की मोठ्या गटाशेजारी स्वतःचे रक्षण करण्याचा भरवसाच ज्याला वाटत नाही. आठ-नऊ कोटी मुसलमानांना हे वर्णन लागू पडत नाही, ते या देशाच्या अविभाज्य एकात्मतेचा भाग आहेत, असे त्यांचे म्हणणे. त्याच आठवड्यात लाहोरला जिनांनीही तोच शब्द नाकारला. मुसलमान मायनॉरिटी नाहीत, ते स्वतंत्र राष्ट्र आहेत, असे ते म्हणाले. शब्द दोघांनाही नको होता. एकाने त्यातून सामाईक घर काढले, दुसऱ्याने वेगळे घर.

फाळणी झाली आणि दोन्हीकडे नव्या मायनॉरिटी तयार झाल्या. लाहोर आणि सिंधचे हिंदू-शीख एका रात्रीत तिकडे मोजले गेले, आणि ज्यांनी पाकिस्तान मागितलेही नव्हते असे आपल्याकडचे मुसलमान इकडे. एप्रिल १९५० च्या नेहरू-लियाकत करारात दोन्ही सरकारांनी आपापल्या अल्पसंख्याकांना समान नागरिकत्वाची हमी दिली. पुन्हा हमी, पुन्हा राखणदार.

संविधान सभेत

पण त्याच सुमारास संविधान सभेत वेगळे काही घडत होते. धार्मिक अल्पसंख्याकांसाठी राखीव जागा ठेवायच्या असे १९४७ मध्ये ठरले होते. मे १९४९ मध्ये त्या रद्द झाल्या. बेगम ऐजाज रसूल यांनी रद्द करण्याच्या बाजूने बोलताना सांगितले की राखीव जागा हे स्वतःवरच उलटणारे शस्त्र आहे, त्याने आपण बहुसंख्याकांपासून कायमचे तुटू. मद्रासच्या मुस्लिम लीग सदस्यांचे मत नेमके उलट होते. आपले प्रतिनिधी आपणच निवडू द्या, असा त्यांचा आग्रह होता. त्यांची भीती खोटी होती असे आजच्या विधिमंडळांकडे पाहून म्हणवत नाही. तरीही बेगम रसूल यांच्या बाजूने एक मोठी गोष्ट होती : त्या पालक मागत नव्हत्या.

डॉ. आंबेडकरांनी या प्रश्नावर दोन्ही बाजूंना सुनावले. बहुसंख्याकांनी अल्पसंख्याकांचे अस्तित्व नाकारणे चूक आणि अल्पसंख्याकांनी स्वतःला कायम तसेच ठेवणेही चूक. डिसेंबर १९४८ मध्ये आजच्या २९ व्या कलमावर बोलताना त्यांनी उदाहरण दिले ते महाराष्ट्रीयांचे. काही महाराष्ट्रीय बंगालमध्ये जाऊन राहिले, तर तांत्रिक अर्थाने नसले तरी तिथे ते सांस्कृतिक आणि भाषिक अल्पसंख्याक ठरतील. आणि मुंबईत येऊन राहिलेले मद्रासचे लोक इथे. म्हणजे हा शिक्का रक्तात नसतो, तो तुम्ही कुठे उभे आहात यावर ठरतो. कोल्हापूरचा मराठा कोलकात्यात अल्पसंख्याक, पंजाबातला शीख पंजाबात बहुसंख्याक, लक्षद्वीपमध्ये मुसलमान बहुसंख्याक. संविधानाने २९ आणि ३० या कलमांत अल्पसंख्याकांना भाषा, लिपी, संस्कृती आणि शिक्षणसंस्थांचे हक्क दिले, पण अल्पसंख्याक कोण याची व्याख्या केली नाही. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांनी सांगितले की शिक्षणसंस्थांच्या बाबतीत ही मोजणी राज्यनिहाय करायची.

पालक कोण?

आता तिन्ही अर्थ शेजारी ठेवून पाहा. वयाची मायनॉरिटी अठराव्या वर्षी संपते. मतांची मायनॉरिटी पुढच्या मतदानात संपू शकते. शिरगणतीची मायनॉरिटी तेवढी संपत नाही. न संपणाऱ्या या तिसऱ्या अर्थाला पहिल्या अर्थाची वागणूक चिकटली आहे. एक पक्ष आपला पालक होतो, दुसरा म्हणतो पालकाने तुमचे फार लाड केले, लांगूलचालन केले. वरवर ही भांडणे परस्परविरुद्ध वाटतात, पण दोघांच्याही मनात आपण नाबालिगच आहोत. सच्चर समितीने २००६ मध्ये आपल्या शिक्षणाची, नोकऱ्यांची, बँककर्जाची जी अवस्था मांडली, ती पाहता लाड झालेले मूल असे दिसत नाही.

आणि पालक फक्त बाहेरचे नाहीत. शहाबानो प्रकरणानंतर १९८६ मध्ये जो कायदा झाला त्याच्या नावातच मुस्लिम स्त्रियांच्या हक्कांचे ‘संरक्षण’ आहे. पोटगी मागणाऱ्या एका वृद्ध स्त्रीला न्यायालयाने दिलेला हक्क समाजाच्या वतीने बोलणाऱ्यांना नको होता, म्हणून तो कायदा आला. तिला कुणी विचारले नाही. पुढे २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच कायद्याचा अर्थ स्त्रीच्या बाजूने लावला, हे तिचे नशीब. ज्या समाजाला दिल्लीतला पालकनामा जाचतो, त्याने घरातल्या बायकांचे आणि पिंजारी-तांबोळ्यांचे पालकत्व आपल्याकडे का ठेवावे? मुस्लिम ओबीसींची चळवळ महाराष्ट्रात उभी राहिली ती हाच प्रश्न घेऊन. आम्हाला एका रकान्यात कोंबू नका, आमचे मागासलेपण आम्हीच सांगू.

अल्पसंख्याक हा शब्द टाकून द्यावा असे मी म्हणत नाही. ३० व्या कलमाखालची शाळा, शिष्यवृत्ती, आयोगाकडची तक्रार यांसाठी तो लागतो आणि ते हक्क संविधानाचे आहेत, कुणाची मेहेरबानी नव्हे. पण त्याचा दुसरा अर्थ आपण विसरलो आहोत. १७६४ मध्ये १४ मतांनी हरलेल्या त्या लोकांचा अर्थ. बिननावाच्या वॉरंटाविरुद्ध, पाण्यासाठी, शेतमालाच्या भावासाठी, शाळेसाठी जे आज कमी आहेत आणि शेजाऱ्याला पटवून उद्या जास्त होऊ शकतात, त्यांचा. त्या मायनॉरिटीत आपल्याबरोबर धनगर असतो, बौद्ध असतो, मराठा असतो, आणि कधी आपल्याच मोहल्ल्यातला माणूस आपल्या विरुद्ध मत देतो.

सातबाऱ्यावरचा ‘अ.पा.क.’ हा शेरा आपोआप जात नाही. मुलगा अठरा वर्षांचा झाला की त्याला वयाचा दाखला जोडून तलाठ्याकडे अर्ज करावा लागतो. मग फेरफार होतो आणि पालकाचे नाव कमी होते. अर्ज केला नाही, तर चाळिशीतल्या माणसाच्या नावापुढेही ती तीन अक्षरे तशीच राहतात.